भाची आमच्याकडं, भाचा तिकडं... ताब्याचं अन् भेटीचं कसं करावं?

पांदणरस्ता
रामराम मंडळी. एरवी मी इथं कापसाचे भाव अन् बोंडअळीचं वाचत असतो, आज घरचा प्रश्न घेऊन आलो. आम्ही आर्णी तालुक्यातले, धाकटी बहीण कारंजाकडं दिली. होळीनंतर ती पोरीले घेऊन माहेरी आली ते आलीच. पोरगी आता तिसरीत गेली, पोरगं साडेचार वर्षांचं. निघताना सासूनं पोरगं कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही, म्हणे पोट्टी ने तुह्यासंगं, पोरगं आमच्या वंशाचं हाय. तेव्हापासून भेट नाही. फोन लावला तं तिकडून स्पीकरवर टाकतात, बाजूले आजी बसलेली, अन् पोरगं "आई तू कवा येतं" म्हणलं का फोन कट.

जवायानं हात टाकलेला हाय हे खरं, पण लेकरायवर त्याचा जीव हाय हेही खरं. पोरगी बी बाबाची आठवण काढते. दोन्हीकडचे बुढे म्हणून रायले का बॉन्डवर लिहून टाका, पोरगी तुमची पोरगं आमचं, विषय मिटला. बहिणीले सोडचिठ्ठी घ्याची का नाही तेच अजून समजून नाही रायलं, तिले फक्त लेकरू पाहिजे. तं मले इचारायचं असं का, घटस्फोटाची केस नसताना लेकराचा ताबा मागता येते काय? ते म्हणतात कायद्यानं बापच पालक असते, खरं हाय काय? अन् तिसरं म्हणजे पोरीची टीसी. तिकडचे हेडमास्तर म्हणतात वडिलायले आणा मंग देतो, अन् इकडं शाळा आता उघडते.

ढाण्या_वाघ
भाऊ चार पोट्टे घ्या, बोलेरो काढा अन् पोरगं उचलून आणा. माय हाय ना ते त्याची, कोण काय करते. कोर्टात गेले तं पोराले मिसरूड फुटेपर्यंत तारखाच चालतील.

कोर्टाची_पायरी
वाघभाऊ, बोलेरो काढली की तिकडं कोणाचं तरी डोकं फुटते, मग घरात घुसून मारहाण केल्याचा गुन्हा मामावर, अन् मूळ प्रश्न जागच्या जागी. तालुका कोर्टात वकिली करतो म्हणून सांगतो, हे दर हंगामाला पाहतो. आणि उचलून आणलेलं लेकरू समोरचाही उचलूनच नेतो. पोलिस तेव्हा मधात पडत नाहीत. आपल्या नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये अमरावतीकडचं एक प्रकरण रद्द केलं, बापानं तीन वर्षांचं पोरगं आईकडून नेलं म्हणून अपहरणाचा गुन्हा लावला होता. कोर्ट म्हणालं की बाप नैसर्गिक पालक आहे, न्यायचं नाही असा कोणत्या कोर्टाचा हुकूमही नव्हता, तर अपहरण कसं. म्हणून आधी हातात कागद पाहिजे.

पांदणरस्ता भाऊ, आता तुमचं. घटस्फोट मागायची काहीच गरज नाही. पालक व पाल्य कायदा आहे १८९० चा, त्यात नुसता ताब्याचा अर्ज करता येतो, पण तो लेकरू सध्या जिथं राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे तुम्हाला वाशीम जिल्ह्यात चकरा. त्यापेक्षा हात टाकल्याचं तुम्ही लिहिलंच आहे तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पाहा. त्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि हा अर्ज ताई सध्या जिथं राहते तिथल्या तालुका कोर्टात चालते, माहेरी तात्पुरती असली तरी. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, आधी त्यांना भेटा, अहवाल तेच भरून देतात. कायद्यात लिहिलंय की साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, तेवढ्यात होते असं मी म्हणणार नाही, पण तात्पुरता आदेश लवकर मागता येतो.

बापच पालक हे अर्धं खरं आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी वडील मग आई असंच लिहिलंय. पण त्याच कलमात पुढं आहे की पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा सहसा आईकडे राहील, आणि कलम १३ म्हणते सगळ्यात वर लेकराचं हित. बाप हयात असतानाही आई पालक असू शकते हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. हे वाक्य सासरचे कधी वाचून दाखवत नाहीत 😀

पोरगं साडेचारचं आहे म्हणून घाई करा. पाच पूर्ण झाले की आपोआप बापाकडे जाते असं नाही, पण जितके महिने तिकडं जातील तितकं समोरचा वकील म्हणणार की लेकरू इथं रुळलं, अंगणवाडी इथली, मित्र इथले, आता कशाला हलवता. आणि कोर्ट ते ऐकते.

खडू_फळा
टीसीचं मी सांगतो, जि.प. शाळेवर आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. लेकराला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वडिलांना आणा असं त्या कलमात कुठंही नाही. दुसरी गोष्ट, दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तुम्ही उद्या गावच्या शाळेत पोरगी घेऊन जा, बसवा वर्गात, दाखला मागायचं काम आमचं. सरल पोर्टलवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव तिकडून सोडवून घ्यावं लागतं, त्याला तिकडच्या गुरुजींना दोन फोन जास्त करावे लागतील, आडून बसले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज. तिकडच्या हेडमास्तरांचाही राग करू नका, गावात राहायचं असते त्यांना, सरपंच येऊन बसतो टेबलासमोर.

पांदणरस्ता
गुरुजी लय उपकार झाले. पोरगी वर्गात बसली पण. टीसी यायची हाय. वकीलसाहेब, तुमची फी कितीक, म्हणजे पेरणीत सगळा पैसा गेला आमचा.

कोर्टाची_पायरी
मी तुमच्या जिल्ह्यातला नाही. पण फीची काळजीच करू नका. बाई म्हटलं की विधी सेवा कायद्यानं वकील मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही, पिवळं कार्ड केशरी कार्ड काही लागत नाही. तालुका कोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा समितीचं टेबल असते, नाहीतर १५१०० ला फोन लावा. मोफतचा वकील म्हणजे कामाचा नाही असं लोक म्हणतात, ते प्रत्येक वेळी खरं नसते.

फोनचंही अर्जात टाका. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये म्हटलंय की लांब असलेल्या पालकाला लेकराशी व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. तर वेळ ठरवून द्या म्हणा, आणि मधात कोणी बसायचं नाही.

गावपातळी
मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत आहे, २००७ ला मोहीम निघाली तेव्हापासून. वकीलसाहेबांचा मान ठेवून सांगतो, एवढ्यात कोर्ट कशाला. दोन्ही गावचे चार शहाणे लोक बसवा, जवायाला मोकळं बोलू द्या. आम्ही अशी कितीतरी घरं जुळवली. कोर्टात गेलं की नवराबायको एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, मग लेकरू कोणाकडं पाहील.

मोहफूल
काका, तुमच्या बैठकीत बाई किती बोलते ते सांगा आधी. माझ्या बैठकीत मी ओसरीच्या आतल्या बाजूनं उभी होते अन् माझ्या पोराचं माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अन् माझे काका ठरवत होते. मला विचारलंच नाही कोणी, शेवटी फक्त अंगठा... सही येते मला, बारावी झाली आहे, तरी म्हणे इथं अंगठा उठव.

गावपातळी
ताई, तसं झालं असेल तर चुकीचंच झालं. सगळीकडं तसं नसते.

कोर्टाची_पायरी
बैठकीला माझा विरोध नाही हो काका. उलट बैठकीत जवाई लवकर मऊ येते, कोर्टात समन्स गेलं की त्याची माय कडक होते. माझा विरोध बॉन्डला आहे. स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट होत नाही, एखाद्या समाजात तशी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि पोरगं याचं पोरगी त्याची असं त्यावर लिहिलं तर त्यानं कोर्टाचे हात बांधले जात नाहीत, कोर्ट लेकराचं हितच पाहणार. उद्या एकानं मोडलं तर तो बॉन्ड घेऊन जायचं कुठं? बैठकीत जे ठरते तेच तडजोड पुरसिस म्हणून, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन करून, कोर्टासमोर ठेवा, नाहीतर लोकअदालतीत नेऊन निवाडा करून घ्या, मग त्याला कोर्टाच्या हुकुमाइतकं वजन येते.

पाहुणा
एरवी मी कधी लिहित नाही इथं. पोरगी तुमची पोरगं आमचं, हे आमच्या घरी झालेलं आहे. मी आजीकडे वाढलो, बहीण आईसोबत मामाच्या गावी. अंतर म्हणाल तर एसटीनं दीड तास. कोणी कोणाला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं, आजीनं तर माझे लय लाड केले. पण बहिणीला कोणती भाजी आवडत नाही, ती झोपेत बडबडते का, दहावीला तिला कोणत्या विषयाची भीती वाटत होती, यातलं काहीच मला माहीत नाही. तिच्या लग्नात मी आहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभा होतो, फोटोवाला म्हणाला पाहुणे जरा बाजूला सरका. मायबापाचं मी समजू शकतो, त्यांचं पटलं नाही. पण आम्हा दोघांचं काय भांडण होतं? सातबाऱ्यावर हिस्से पाडतात तसे आमचे पाडले. पांदणरस्ता भाऊ, बाकी काहीही ठरवा, दोघं एका घरात ठेवा, कोणाच्याही का असेना.

पांदणरस्ता
भाऊ तुमचं बहिणीले वाचून दाखवलं. काही बोलली नाही. बुढ्याले बी दाखवलं, तो म्हणे बॉन्डचं राहू द्या.

दुसरा_चौथा_शनिवार
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे बाप. हिंगणघाटकडचा. पोरगी आईकडे असते. सगळे इथं आईच्या बाजूनं बोलून राहिले, बोला, माझी हरकत नाही, पण भेटीचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. आमच्या आदेशात आधी नुसतं होतं की वडिलांना भेटू द्यावं. बस. कधी, कुठं, किती वेळ, काही नाही. मग मी गेलो की पोरगी आजारी, पोरगी मावशीकडे, पोरगी झोपली. नंतर कोर्टाच्या आवारात भेट लावली. तिथं काय असते, बाकडं असते, पंखा असते, काळे कोट इकडून तिकडं जातात, आणि पोरगी माझ्याकडं पाहण्याऐवजी दाराकडं पाहते. मी चॉकलेट, बाहुली, फ्रॉक सगळं घेऊन जायचो, ती घ्यायची अन् बाजूला ठेवायची.

मग अर्ज करून बदलून घेतलं. दुसरा अन् चौथा शनिवार, सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी पाच, बसस्टँडच्या चौकशी खिडकीसमोर, आणायला आई किंवा मामा, न्यायला मी स्वतः. तेव्हापासून तंटा नाही. आता भेटवस्तूही नेत नाही. ती वही आणते, आम्ही गृहपाठ करतो, वावरात जातो, ती माझ्या मायच्या हातची पानगी खाते. एकदा चप्पल घ्यायला नेलं तर दुकानदारानं नंबर विचारला अन् मला सांगता आला नाही, मी मागच्या वर्षीचा सांगितला. पोरगीच म्हणाली बाबा तो नंबर केव्हाच गेला. आता दर महिन्याला पाय मोजतो, फळ्यावर खडूनं. तर जवायाला भेटीचं असं घट्ट लिहून द्या, ढिलं लिहाल तर तोही भांडेल अन् तुम्हीही.

मोहफूल
ते सगळं ठीक आहे दादा, तुम्ही खावटी भरत असाल. माझ्याकडं आदेश आहे, पण कापूस विकला तरी एक रुपया येत नाही, म्हणे निसर्गानं मारलं. शाळेची फी, दप्तर, ताप आला की दवाखाना, सगळं मी सोयाबीन सोंगून करते. मग त्याला दिवाळीले पोरगं कायले पाठवू? देत नाही तर भेटत नाही, सोपा हिशोब आहे.

कोर्टाची_पायरी
ताई, राग शंभर टक्के बरोबर, हिशोब चुकीचा. कोर्टाच्या नजरेत खावटी अन् भेट दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो पैसे देत नाही म्हणून तुम्ही भेट बंद केली की उद्या तोच अर्ज करतो की आई लेकराला बापापासून तोडते, आणि त्याची थकबाकी बाजूला राहून तुमच्यावर ताशेरे येतात. भेट चालू ठेवा अन् थकबाकीच्या वसुलीचा अर्ज वेगळा लावा. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय की खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं शपथपत्रावर द्यायचं. तेव्हा वावर किती, बागायत किती, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर, सगळं बाहेर येते. सातबारा ऑनलाइन काढा त्याचा.

मोहफूल
तुम्हाला बोलायला सोपं. पण काढते सातबारा.

ढाण्या_वाघ
पोराले जातीचा दाखला बापाकडूनच लागते ना पुढं? मंग बापाले दुखवून कसं चालन.

संपादक
जातीच्या दाखल्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं विचारा. इथं ताबा आणि भेट एवढंच राहू द्या.

लालपरी
विषय लेकरं पोहोचवायचा निघालाच आहे तर सांगते, मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं अन् पाचच्या आतल्याला लागतच नाही. तर परवडत नाही म्हणून लेकरू पाठवत नाही हे कोणी म्हणालं तर ऐकू नका. आर्णी अन् कारंजा म्हणता तर मधात दारव्हा पडते. दोघांनी अर्धं अर्धं यावं. कोणाच्या दारात जायचं नाही म्हणजे ओसरीवरचं बोलणं ऐकायचं काम नाही.

पांदणरस्ता
मंडळी, बरेच दिवस आलो नाही, निंदण अन् फवारणी चालू होती. सांगाचं म्हणजे संरक्षण अधिकारी म्याडमनं अहवाल भरला, विधी सेवेतून वकीलबाई भेटल्या, चांगल्या हायेत, जास्त बोलत नाही. जवाई पहिल्या तारखेले आलाच नाही, दुसऱ्या तारखेले मायले घेऊन आला. साहेबांनी मध्यस्थीले पाठवलं. तिथं म्हातारी लय रडली, म्हणे नातवाशिवाय घर खायले उठते. खरं सांगतो, मले तिचा राग होता पण तिथं बसून बोलाले काही सुचलं नाही. मंग बहिणीनंच सांगितलं का पोरगं मी तोडून नेत नाही, पण दोघं बहीणभाऊ एका जागी राहतील अन् दोघं मिळून तुमच्याकडं येतील. जवाई म्हणे मले पोळा अन् दुसऱ्या दिवशीचा लेकरायचा तान्हा पोळा पाहिजे, त्याच्या बापानं पोरासाठी सागाचा नंदी करून ठेवला हाय, चाकं बसवायची बाकी.

आता वकीलबाईनं कच्चं लिहिलं हाय ते असं का, दोन्ही लेकरं आईकडं. दुसरा अन् चौथा शनिवार-रविवार बापाकडं, दोघं संगं. दारव्हा बसस्टँडवर द्यायचं-घ्यायचं. बुधवारी संध्याकाळी सातले व्हिडिओ कॉल. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धी अर्धी. पोळ्याची अन् तान्ह्या पोळ्याची यंदाची तारीख टाकून ते दोन दिवस बापाकडं. खावटीचं वेगळं. सही कराच्या आधी पाहून सांगा काही रायलं काय.

खडू_फळा
सुट्टीच्या तारखा बांधू नका. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडते, बाकी राज्यात आधी, आणि उन्हाचा कडाका वाढला की वेळापत्रकही बदलते. लेकरांच्या शाळेला लागलेली सुट्टी असं लिहा, पहिला अर्धा कोणाचा तेही लिहा.

दुसरा_चौथा_शनिवार
बस चुकली तर किती वेळ थांबायचं ते टाका. आमच्याकडं एक तास अन् फोन करायचा असं आहे. आजारी असेल तर ती भेट पुढच्या शनिवारी, रद्द नाही. आणि न्यायला कोण येणार त्यांची नावं लिहा, नाहीतर एक दिवस कोणी चुलत साळा येऊन उभा राहते अन् लेकरू त्याला ओळखत नाही.

कोर्टाची_पायरी
चांगलं झालं. तारीख काढा तिथली. पोळा अमावास्येचा, दरवर्षी तारीख सरकते, यंदाची तारीख टाकाल तर पुढच्या वर्षी पुन्हा भांडण. नुसतं लिहा की पोळ्याच्या दिवशी सकाळपासून तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत दरवर्षी वडिलांकडे. दिवाळी राहिली आहे, ती एकाआड एक वर्ष करा अन् पहिलं वर्ष कोणाचं ते स्पष्ट टाका. शाळेत अन् दवाखान्यात दोघांची नावं राहतील, गुणपत्रक दोघांना पाहता येईल, हेही एका ओळीत. कायमचं बांधून टाकलं अशी भीती ताईला नको, ताब्याचा आदेश कधीच शेवटचा नसते, परिस्थिती बदलली की त्याच कोर्टात बदलून मागता येते, सुप्रीम कोर्टानं हे १९७३ पासून सांगितलेलं आहे. अन् जवायालाही हेच सांगा म्हणजे तो सही करायला अडणार नाही.

पांदणरस्ता
दिवाळीचं खरंच रायलं होतं. बहीण म्हणते यंदाची दिवाळी माह्याकडं, भाऊबीज धरून. सोमवारी तारीख हाय, छापून नेतो हे सगळं.

मोहफूल
भाऊबीज वेगळी लिहा. दिवाळी बापाकडं असली त्या वर्षी पण भाऊबीजेला लेकरं मामाकडं, असं.

पांदणरस्ता
लिहून घेतो ताई.